काचेवरच्या कुरडया

३ मार्च २००८, सोमवार
भीमेचा काठ, कोळपेवस्तीच्या खालच्या अंगाला

वयाच्या बावन्नाव्या वर्षी माझा पत्ता 'तंबू' असा झाला आहे. शिरूरला दोन खोल्यांचं पक्कं घर, घरात पंखा, पंख्याखाली पार्वती. हे सगळं सोडून मी नदीकाठी एका नायलॉनच्या पिशवीत राहायला आलो. यात माझी प्रगती आहे, असं रविराजचं म्हणणं.

रविराज आमच्या दैनिकाच्या नव्या ऑनलाइन आवृत्तीचा संपादक. वय अठ्ठावीस. मला 'ओव्हाळ सर' म्हणतो आणि माझी वाक्यं माझ्या आधी संपवतो. कल्पना त्याची: वार्ताहराने चाळीस दिवस पाण्याच्या काठी तंबूत राहायचं, विजेची तार नाही, टेलिफोनची नाही, सौर पॅनेलवर लॅपटॉप चालवायचा आणि मोबाईल कंपनीच्या डेटा कार्डावरून रोज एक लेख धाडायचा. सदराचं नाव 'उन्हावरचं ऑफिस'.

"सर, परदेशात लोक समुद्रकिनाऱ्यावर बसून असं काम करतात. घरच ठेवत नाहीत. जिथे सिग्नल तिथे ऑफिस."

मी म्हटलं, "आपल्याकडे घर नसलेल्यांना सिग्नलला उभं राहावं लागतं."

तो हसला नाही. "समुद्र लांब पडतो, सर. आणि प्रायोजकांची जागा भीमेवर आहे."

प्रायोजक म्हणजे तंबूंच्या सहली काढणारी एक कंपनी. बंधाऱ्यामागे नदी अडून तळ्यासारखी फुगते, तिथे पुढच्या हिवाळ्यात ते वीस तंबू ठोकणार. त्यांच्या माहितीपत्रकात या काठाला 'भीमा कोस्ट' म्हटलं आहे. चाळीस दिवसांत एकही खाडा झाला नाही, तर मला कायम नेमणूक. गेली सव्वीस वर्षं मी तालुका वार्ताहर आहे. म्हणजे नाव छापतात, नेमत नाहीत.

आता नदी. वरचं शहर जे जे टाकतं ते इथे येऊन विसावतं. पाणी काळसर हिरवं, त्यावर साय, सायीवर जलपर्णी, आणि जलपर्णीत जे अडकलं आहे त्याचं वर्णन या खासगी वहीतही करणार नाही, कारण मला अजून जेवायचं आहे. बीभत्स हा एक रस आहे हे बी.ए.ला शिकलो होतो. त्याचा आस्वाद नाकाने घ्यायचा असतो हे कोणी शिकवलं नव्हतं.

पहिला लेख गेला. आरंभ असा: "भीमेचे स्फटिकनिर्मळ जळ प्रभातकिरणांत न्हाऊन निघते, तेव्हा तटावरील पांथस्थाची तृषा दर्शनानेच शमते." नदीकडे पाठ करून, नाकाला रुमाल बांधून लिहिलं. आठ मिनिटांत. नववीला मी संस्कृत घेतलं तेव्हा गुरुजींनी माझा अर्ज दोनदा वाचला होता आणि आडनाव तीनदा. त्यांनी हे वाक्य वाचायला हवं होतं.

५ मार्च, बुधवार

शेजार भेटला. वस्तीवरच्या अनसाबाई, पासष्टीच्या, हातात काठी, आणि त्यांचा मुलगा मल्हार. कोळप्यांची पूर्वी मोठी मेंढरं होती. आता पंधरा-वीस उरली आहेत, बाकी शेती.

अनसाबाईंनी आधी तंबू पाहिला, मग मला.

"एकलंच का, दादा?"

"हो."

"घर न्हाई व्हय?"

"आहे की. शिरूरला. पक्कं आहे."

"मंग?"

मी त्यांना सदराची कल्पना समजावली. सौरऊर्जा, डेटा कार्ड, परदेशातले लोक. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मल्हारकडे वळून, मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "बायकूनं काढलंय घरातनं. शिकल्यालं मानूस हाय, लाजतंय सांगाया."

मल्हार खाली बघून हसला.

"आमीबी पालात लई वरसं काढली, दादा," त्या मला म्हणाल्या. "पार कोकनात. खाडीच्या काठाला, खाऱ्या वाऱ्यात. मेंढरं पुढं आन् आमी मागं. पर आमाला घर नव्हतं म्हनून. घर असून पालात ऱ्हानारा मानूस पैल्यांदा बघितला."

मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या जरा थांबल्या. हा थांबा माझ्या ओळखीचा आहे. कपात द्यावा की वेगळ्या पेल्यात, याचा हिशेब त्यात असतो. मी मनात कडक उत्तर तयार ठेवलं. त्या म्हणाल्या, "च्याला साखर किती? आमच्यात लई ग्वाड करत्यात." उत्तर वाया गेलं.

पाण्याची सोय झाली. वस्तीवर मंगळवारी आणि शुक्रवारी टँकर येतो. त्यातला एक हंडा मला. नदीकाठच्या वस्तीला टँकर, हे ऐकून मला हसू आलं. मल्हारला आलं नाही. विहिरीत नदीच झिरपते म्हणे. पोरांच्या अंगावर फोड उठले, तेव्हा त्याने पाणी तपासून घेतलं, 'पिण्यास अयोग्य' असा कागद मिळवला आणि दोन वर्षं कचेरीत खेटे घालून हा टँकर लावला. मागच्या उन्हाळ्यापासून येतोय. "टँकर हाय म्हनून अंकितीचं लगीन ठरवलं," तो म्हणाला. अंकिता त्याची मुलगी. वैशाखात लग्न आहे. पाहुण्यांना पाजायला पाणी हवं.

तो हंडा तंबूत आल्यावर मी झाकण लावून वर वीट ठेवली. नदीवरची माशी त्यावर बसू नये म्हणून.

८ मार्च, शनिवार

यंत्राबद्दल. विटांच्या टेकूवर दक्षिणेकडे कलती ठेवलेली दोन पॅनेलं, एक बॅटरी, आणि तीन दिव्यांची डबी: लाल म्हणजे उपाशी, पिवळा म्हणजे अर्धपोटी, हिरवा म्हणजे तृप्त. पहिले चार दिवस हिरवा होता. काल आणि आज पिवळ्यावर अडला. ऊन तर असं की अंडं शिजेल.

तंबू अकरा वाजता भट्टी होतो, म्हणून मी रोज अकरा ते चार वरच्या अंगाला म्हसोबाच्या निंबाखाली जाऊन बसतो. हातात पंचा आणि चेहऱ्यावर परदेशी माणसाचा भाव. आज चारला परत आलो तर टेकूच्या विटा बाजूला आणि पॅनेलं सपाट आडवी. वारा. फुगवट्यावर भलता वारा सुटतो, वास घेऊन. पुन्हा कलती केली.

११ मार्च, मंगळवार

बॅटरी पिवळीच. पॅनेलं पुन्हा आडवी. हा वारा विटा उचलून नीट एकावर एक रचून ठेवतो, याचं मला कौतुक वाटतं. शिवाय काचेवर गोल गोल, जाळीदार डाग. नदीच्या वाफेतलं काहीतरी बसत असणार. ओल्या फडक्याने पुसले, तर चिकट. शिसारी आली. साबणाने हात तीनदा धुतले, टँकरच्या पाण्याने.

रविराजला कळवलं. त्याच्या तंत्रज्ञाने फोनवर सांगितलं, "काच स्वच्छ ठेवा." मी म्हटलं, "तुम्ही नदी स्वच्छ ठेवा, मी काच ठेवतो."

संध्याकाळी मल्हार एक पुडकं घेऊन आला. कुरडया! आईने दिल्या म्हणाला. पांढऱ्याशुभ्र, पातळ, एकाही तारेला काळा ठिपका नाही. लग्नाच्या वाळवणातल्या आहेत. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यातून पिळायचा. "बक्कळ पानी लागतं सर, तवा कुठं अशा पांढऱ्या व्हत्यात. आवंदा टँकर हाय म्हनून आय जोरात हाय. पाच पायल्यांच्या करनार."

"एवढ्या स्वच्छ वाळवता कुठे? इथे तर धूळ, माश्या..."

मल्हार तंबूकडे, मग आभाळाकडे बघत म्हणाला, "आय बघती कुठं तरी जागा."

कमालीची चतुर बाई.

१४ मार्च, शुक्रवार

रविराज खुशीत. 'उन्हावरचं ऑफिस' सगळ्यात जास्त वाचलं जातंय. छापील अंकातही शनिवारी उतारे घेणार. "सर, ते पाण्याचं जे लिहिता ना, ते वाढवा. प्रायोजकांना आवडलंय. ओंजळीने पाणी प्यायलात असं लिहा ना."

मी म्हटलं, मी मेलो तर खाडा पडेल.

"लिहायचंच आहे सर, प्यायचं कुठे आहे?"

आज सकाळी फुगवट्यावर फेस आला होता. कमरेएवढा, पिवळट, खालून कोणी फुंकावा तसा हलणारा. वाऱ्याने त्याचा एक गोळा उडून तंबूच्या दाराशी येऊन बसला, पाहुण्यासारखा. दोन मासे पोट वर करून काठाला लागले होते. कुत्र्याने एक हुंगला आणि तो सोडून गेला. मला उलटी झाली. मग लेख लिहिला: "ओंजळीत घेतलेले ते शीतल जळ ओठांशी नेले, आणि जन्मजन्मांतरीचा शीण..." वगैरे. कचेरीतला चहा यापेक्षा वाईट असतो, एवढंच माझ्या मनाचं समाधान.

बॅटरी: पिवळी. डाग: आहेत.

२० मार्च, गुरुवार

सकाळी पार्वतीचा फोन.

"आज तारीख काय?"

"वीस."

"मग?"

"लक्षात आहे गं." नव्हती.

"विहारात कार्यक्रम आहे. दरवर्षी तुम्ही बोलता. यंदा विचारत होते, ओव्हाळ कुठंयत. मी म्हटलं, नदीवर गेलेत, पाणी प्यायला." मग, "वाचलं मी. ओंजळीचं."

"ते लिहावं लागतं."

"हो का?"

एवढंच. ही बाई 'हो का' या दोन शब्दांत अग्रलेख लिहिते.

माझे आजोबा महाडला त्या तळ्यावर होते. आम्ही पोरं विचारायचो, आबा, चव कशी होती? ते म्हणायचे, "गढूळ होतं. पण प्यायलो." दरवर्षी हेच. आम्हाला वाटायचं, एवढ्या मोठ्या दिवसाचं वर्णन जरा बरं करावं माणसाने. मी शाळेत असतानाच ठरवलं होतं की माझ्या हातात भाषा आली की असलं कोरडं बोलणार नाही.

दिवसभर चिडचिड. वास आज जास्त. लेखाचा विषय होता जळ. पाठवला.

२५ मार्च, मंगळवार

टँकर आला नाही. शुक्रवारीही आला नव्हता, ते मी होळी-धुळवडीवर ढकललं होतं. माझा हंडा तळाला. जीपने तळेगाव ढमढेरेला जाऊन बाटल्या आणल्या. परत येताना जीपमध्ये माझ्या मांडीवर दुसऱ्याचं बोकड. बोकडाला माझा वास आला आणि त्याने तोंड फिरवलं. तीन आठवड्यांत मी नदीच झालो आहे.

२८ मार्च, शुक्रवार

सूर्यनारायण प्रसन्न! सलग चौथा दिवस हिरवा दिवा. पॅनेलं जागची हललेली नाहीत, काच लख्ख, एक डाग नाही. वारा पडला असावा. रात्री उशिरापर्यंत चालेल इतकी वीज आहे. रविराज म्हणाला, "बघा सर, जमलं की नाही!" चौदाच दिवस राहिले. नेमणुकीचं पत्र तयार आहे म्हणाला.

आनंदाच्या भरात आज सदराचा सगळ्यात लांब लेख लिहिला.

टँकर आजही नाही. वस्तीवरच्या बायका हंडे घेऊन बंधारा ओलांडून पलीकडे खुटबावच्या वाटेला जाताना दिसल्या. लांब पडतं. अनसाबाई काही दिवसांत इकडे फिरकल्या नाहीत. बहुतेक वाळवणं उरकली.

३१ मार्च, सोमवार

नीट लिहून ठेवतो.

बाराच्या सुमारास निंबाखालून परत आलो, चष्मा तंबूत राहिला होता म्हणून. पॅनेलांपाशी अनसाबाई. विटा बाजूला रचलेल्या, दोन्ही पॅनेलं आडवी, त्यांवर जुन्या लुगड्याचा ओला धडपा अंथरलेला आणि धडप्यावर ओळीने कुरडया.

"मावशी!"

त्या दचकल्या, पण उठल्या नाहीत. "आलात व्हय लवकर? जरा कड सुकू द्या, मंग काढते."

"म्हणजे रोज... तो वारा..."

"कंचा वारा? तुमची काच लई बेस, दादा. खालनं तापती, वरनं ऊन. एका दिसात कडक. आन् साऱ्या काठाला हीच येक जागा सोच्छ. तुमी रोज पुसताय न्हवं."

मी बोलत सुटलो. ही काच म्हणजे काय, तिच्यावर सावली पडली की काय होतं, माझी नोकरी कशी या काचेवर टांगली आहे. चांगलं दहा मिनिटं. समासयुक्त. त्यांनी सगळं ऐकलं, पहिल्या दिवशी ऐकलं होतं तसंच.

"आमाला वाटलं, तुमी निजायला जाताय तवा ती रिकामीच ऱ्हाती," त्या म्हणाल्या. "चुकलंच. पर आता न्हाई त्रास व्हायचा. ह्या शेवटच्याच."

तेव्हा माझं लक्ष कुरडयांकडे गेलं. त्या करड्या होत्या. राखेच्या रंगाच्या, तारा फुगलेल्या. वाकून वास घेतला. गेले चार आठवडे ज्या वासाने मी जेवणावरून उठतो तोच वास, पण आता अन्नातून येणारा.

"हे कशाने?"

"पान्यानं. दहा-बारा दिस झालं, टँकर बंद हाय. चार दिस वाट बघितली, गहू भिजवलाच न्हाई. मंग म्हनलं लगीन तर थांबत न्हाई. हिरीच्या पान्यात करून बघावं. हे असं झालं. मेंढरास्नी टाकलं येक, हुंगून गेली."

चार दिवस गहू भिजला नाही. चार दिवस हिरवा दिवा.

"टँकर का बंद झाला?"

"पेपरात आलंय म्हनं कायतरी. नदीला सोच्छ पानी हाय असं. मल्हार कचेरीत जाऊन आला. तो बोलत न्हाई घरात." त्या एक एक कुरडई उलटत होत्या. "कोन लिवतंय कुनास ठावं. त्यानं येकदा हितं येऊन वास तरी घ्यायचा."

मी चष्मा घ्यायला आलो होतो. घेतला आणि परत निंबाखाली गेलो. चार वाजेपर्यंत बसलो.

लेख गेला नाही. पहिला खाडा. रविराजचे सात फोन. बॅटरी संपली म्हणून सांगितलं.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी मीच मल्हारकडे गेलो. तो मेंढरांना पाला टाकत होता.

"मल्हार, तुला माहीत होतं?"

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. छापील अंकातला शनिवारचा उतारा. माझं नाव, माझा फोटो. फोटोत मी तरुण आहे.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं, सर? तुमी पानी मागितलं, आमी दिलं. आता आलेल्या मानसाला कसं म्हनावं..." त्याने कागदाची घडी पुन्हा घातली. "आमच्या अंकितीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. झ्याक लिवताय. तिला खरंच वाटलं ही दुसरी कंची तरी भीमा हाय."

"आईला सांगितलंस?"

"न्हाई. ती म्हनंल, त्या मानसाला आपुन लगनाची कुरडई खाऊ घातली."

मला हसू यायला हवं होतं.

कचेरीत काय म्हणाले ते विचारलं. वरून विचारणा आली म्हणे: नदीला मुबलक निर्मळ पाणी असताना काठच्या वस्तीला टँकर कशासाठी? सोबत माझी कात्रणं. नवा तपास व्हायला दोन-अडीच महिने. लग्न त्याआधी.

त्याला म्हटलं, उद्या मी येतो कचेरीत.

"या की," तो म्हणाला, आणि पाला टाकायला वळला. 'या की'ची ही जात मला माहीत आहे. बातमी देतो म्हणणाऱ्यांना मी सव्वीस वर्षं हेच म्हणत आलो.

२ एप्रिल, बुधवार

टँकरचं टेबल ज्यांच्याकडे आहे ते भाऊसाहेब मला पाहून उभेच राहिले.

"ओव्हाळ! अहो काय लिहिता! आमच्या घरी बायकोला मी वाचून दाखवतो. तृषा दर्शनानेच शमते. वा!"

मल्हार माझ्या मागे उभा होता. त्याला कोणी बसा म्हटलं नाही. मग मीही बसलो नाही.

भाऊसाहेबांनी फाईल काढली. मल्हारचे अर्ज, पाण्याचा तपासणी अहवाल, आणि त्यावर टाचलेली माझी कात्रणं. 'स्फटिकनिर्मळ' खाली लाल रेघ, 'ओंजळीत' खाली दोन.

"अहवाल आहे ना यात, अयोग्य म्हणून?" मी विचारलं.

"आहे. तीन वर्षांपूर्वीचा. तुमचं ताजं आहे, आणि प्रत्यक्षदर्शी आहे."

"ते खोटं आहे."

"म्हणजे?"

"मी खोटं लिहिलंय. पाणी घाण आहे. मी त्यात बोट घातलेलं नाही."

भाऊसाहेब हसले, मग उठले. दार लोटून घेतलं. "ओव्हाळ, तुमच्या भल्यासाठी सांगतो. हे लेखी दिलंत तर वरती प्रत जाईल, पेपरलाही जाईल. आणि उपयोग काय? उद्या कोणी म्हणेल, वस्तीवाल्यांनी चहा पाजला म्हणून आता फिरला. मार्चमधले तुमचे लेख तारखेनिशी आहेत. त्याच तारखांना पाणी वाईट होतं, असं तेव्हाचं काही लेखी आहे तुमच्याकडे?"

मी पिशवीतून आधी दोन कुरडया काढून टेबलावर ठेवल्या. पहिल्या पुडक्यातली पांढरी आणि मल्हारकडून घेतलेली परवाची करडी.

"हे काय?"

"परिशिष्ट."

भाऊसाहेब गावाकडचेच. त्यांनी करडी उचलली, मोडली, नाकाशी नेली. मग रुमालाने बोटं पुसत मल्हारला म्हणाले, "बसा, कोळपे."

मी पिशवीतून ही वही काढली.

त्यांनी तीन मार्च वाचला. पाच. चौदा मार्चला फेस, मासे, माझी उलटी, आणि खाली कचेरीतल्या चहाचा उल्लेख. तिथे त्यांनी भुवई वर केली आणि पान उलटलं. "या पानांच्या प्रती लागतील. प्रत्येकीवर 'सत्यप्रत' लिहून सही करायची. सगळी पानं. मधलं गाळता येणार नाही."

"सगळी?"

"तुमचा तो रविराज, प्रायोजक, सगळं. निवडून दिलंत तर पुन्हा लेखच होईल की तो."

समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात वीज नव्हती. पावणेदोन तास बसलो. भारनियमन. दुकानदाराने मला ओळखलं: "उन्हावरचं ऑफिसवाले ना? मग आणा की तुमचं पॅनेल."

वीज आली. सत्तावीस पानं. माझा उद्दामपणा, आडनावाचा तो थांबा, बोकड, पार्वतीचं 'हो का'. प्रत्येक पानाखाली सत्यप्रत, चांगदेव ओव्हाळ. सव्वीस वर्षांत हा शब्द मी स्वतःच्या मजकुराखाली प्रथमच लिहिला. तिसऱ्या पानापासून हात दुखायला लागला.

करडी कुरडई भाऊसाहेबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फायलीला टाचली आणि तिला पान क्रमांक दिला. अठ्ठावीस.

४ एप्रिल, शुक्रवार

रविराजचा फोन. प्रत पोहोचली. मला वाटलं ओरडेल. तो आवाज खाली घेऊन म्हणाला, "सर, थोडं सुंदर तर सगळेच लिहितात." मग, "माझ्याबद्दल तुम्ही हे लिहिलंत? वाक्यं संपवतो म्हणून?" मी हो म्हणणार होतो, तेवढ्यात त्याने फोन ठेवला.

नेमणूक नाही. तालुक्याचं कामही दुसऱ्याकडे देणार. उद्या कंपनीची गाडी पॅनेलं न्यायला येते.

वासाची आज दिवसभर जाणीव झाली नाही. ही सर्वांत किळसवाणी गोष्ट म्हणून नोंदवून ठेवतो.

८ एप्रिल, मंगळवार

टँकर आला. तंबू आवरून, पिशवी खांद्याला मारून मी वस्तीवर उभा होतो. हंड्यांची रांग, आरडाओरडा, 'माझा पैला व्हता' वगैरे. मल्हार पाइप धरून होता. त्याने मला हात केला, नुसता.

अनसाबाई घराच्या पत्र्यावर धडपा अंथरून जागा बघत बसल्या होत्या. उद्या गहू भिजणार.

"काच न्हेली व्हय त्यांनी?"

"नेली, मावशी."

"लई चांगल्या कामाची व्हती." मग माझ्या पिशवीकडे बघून, "घरी निघाला? बरं झालं. मल्हारनं सांगितलं मला समदं."

मी उभा राहिलो. त्यांच्याकडून काय यायचं ते येऊ दे म्हणून.

त्यांनी पत्र्यावरून हात खाली करून एक पुडकं दिलं. "पैल्या घान्यातल्या हायेत, पांढऱ्या. बायकूला द्या. आन् तिला म्हनावं, मानूस चुकतो, पर घरात घ्यावं."

"तिने मला काढलं नव्हतं, मावशी."

"बरं, बरं," त्या म्हणाल्या.

९ एप्रिल, बुधवार
शिरूर

पार्वतीने सकाळी वही मागितली. कचेरीने वाचली, पेपरने वाचली, आता तिला नाही कसं म्हणणार? स्वयंपाकघरात उभ्याने वाचली, पहिल्या पानापासून. मधेच एकदा हसली; बहुधा बोकडाला.

कुरडया तळताना तिने पाठमोऱ्याच विचारलं, "एवढं जळ जळ लिहिलंत. चव कशी होती?"

"टँकरचं प्यायचो मी. मावशींच्या हंड्यातलं."

"आणि नदीचं?"

"तोंडाला लावलं नाही."

"एकदाही?"

"एकदाही."

तिने झाऱ्याने एक कुरडई उलटली. तेलात ती ताटाएवढी फुलली.

"आबांनी प्यायल्यावर सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि ताट माझ्यापुढे ठेवलं.